यंत्राच्या रेषेतली मुरड

जुळणीच्या दिवशी पेढे वाटायची आमच्या धंद्यातली रीत आहे. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं, एकमेकांचं तोंडही बघायचं नाही, समुद्रतळाखालच्या खडकांचं एकच चित्र वाचायचं आणि त्यावर रेषा मारायच्या. मग ते दोन पारदर्शक कागद, खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवायचे. रेषा जुळल्या की पेढे, नाही जुळल्या की भांडण. माझ्या उमेदीच्या काळात पेढे क्वचित मिळायचे, भांडणं मात्र रगड.

त्या दिवशी अलिबागच्या कचेरीत रेषा अशा जुळल्या की वरचा कागद कुठला आणि खालचा कुठला ते कळेना. एक हात माझा, म्हणजे वृषाली साटमचा. दुसरा हात यंत्राचा. स्तरवेध त्याचं नाव, आणि ते घडवलं माझ्या जावयानं, निहारनं. सासूचा हात आणि जावयाचं यंत्र कसं चालेल, अशी चर्चा जुळणीवर शिक्का मारणाऱ्या मंडळात आधी झाली होती. त्यावर कोणीतरी म्हणालं, सासू जावयाची चूक सोडणार नाही, याहून कडक तपासणी कुठली? सगळे हसले आणि ठराव पास झाला.

"साटमबाई, पाचामुखी परमेश्वर म्हणतात," मंडळाचे अध्यक्ष पेढ्यांचा बॉक्स पुढे करत म्हणाले. "स्तरवेधात तर चाळीस तज्ज्ञांचे हात आहेत. शिवाय वेगळा तुमचा. आता शंकेला जागाच नाही."

मी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. माझा स्वभाव मुळात संशयी. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली तरी मी जुडी सोडून आत बघते. आणि इथं तर माझं लक्ष रेषेच्या शेवटाकडे गेलं होतं.

खोल समुद्राकडे गेलं की आमचं चित्र धूसर होतं. तिथं पेन्सिल उचलायची, असा नियम. पण मला एक वाईट खोड आहे. पेन्सिल उचलता उचलता मी रेषेला वर एक छोटीशी मुरड घालते, करंजीच्या कडेला घालतात तशी. तिला शास्त्रात काही अर्थ नाही. नुसती हाताची सवय.

यंत्राच्या रेषेलाही ती मुरड होती, माझ्यासारखीच आणि माझ्याच जागी.

पाणी कुठंतरी मुरतंय, असं मी मनात म्हटलं आणि पेढा पर्समध्ये टाकला.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगते. समुद्र एका जागी बसून राहणारा प्राणी नाही. लाखो वर्षांत तो कित्येकदा वर चढतो, कित्येकदा उतरतो. चढला की किनारा आत सरकतो, आणि दूर खोल पाण्यात नद्यांची वाळू पोचतच नाही. तिथं फक्त बारीक चिखल बसतो, सलग आणि घट्ट. उतरला की आज समुद्रतळ आहे ती जमीन उघडी पडते. नद्या पुढं धावत येतात, त्या जमिनीत दऱ्या कोरतात, आपली वाळू त्यात भरतात. मग समुद्र पुन्हा येतो आणि सगळं झाकून टाकतो. असे थरावर थर. जहाजावरून आवाजाचे धक्के खाली सोडायचे आणि परत येणारे पडसाद टिपायचे, की या थरांचं पट्ट्यापट्ट्यांचं चित्र मिळतं. समुद्राच्या पोटाची सोनोग्राफीच म्हणा. आमचं काम एवढंच, की समुद्र इथं आला, इथं गेला, इथं पुन्हा आला, हे ओळखून एका फेरीची सीमा दुसरीपासून वेगळी करायची. त्यावरून न बघता सांगता येतं, वाळू कुठं आणि चिखल कुठं.

पूर्वी हे तेल शोधायला लागायचं. आता उलट कामाला लागतं. कारखान्यांच्या धुराड्यांतला कार्बन डायऑक्साइड दाबून हजार मीटर खालच्या जुन्या वाळूत भरायचा. वाळू तो स्पंजासारखी धरते आणि वरचा चिखलाचा थर झाकण होतो. झाकण मात्र अखंड हवं. समुद्र हटला असताना एखाद्या नदीनं ते कापलं असेल, तर त्या दरीतल्या वाळूतून वायू वर येणार. हा वायू हवेपेक्षा जड. वारा पडलेल्या दिवशी तो, वायू भरायला समुद्रात उभारलेल्या फलाटाभोवती पाण्यावर साचून राहील, आणि फलाटावरची माणसं उभ्या उभ्या गुंगतील ती पुन्हा उठायची नाहीत.

कोकण किनाऱ्यासमोर अशी तीन कोठारं आधीच चालू होती. त्यांच्या जुळण्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी केल्या होत्या, आणि तिन्ही वेळा पेढ्यांचा बॉक्स आठवणीनं माझ्या घरी आला होता. हे चौथं कोठार. त्याच्या फलाटावर व्हॉल्व्ह उघडणारी इंजिनिअर होती माझी जुई.

त्याच संध्याकाळी जुई आणि निहार जेवायला आले. परवा जुईचं हेलिकॉप्टर होतं. मी कोलंबीचं कालवण केलं होतं, सोलकढी केली होती, आणि डोक्यात ती मुरड घोळत होती.

"जावईबापू," मी म्हटलं, "माझा संगणक तुम्ही शेवटचा कधी उघडला होतात?"

निहारचा हात ताटातच थांबला. एरवी मी त्याला निहार म्हणते, अरेतुरे करते. जावईबापू म्हटलं की काहीतरी बिनसलंय, हे त्याला पाठ झालंय.

"दोन वर्षं झाली असतील, आई. तो चालू होत नव्हता म्हणून तुम्हीच बोलावलं होतं."

"आणि चालू करता करता आत काय आहे तेही बघितलंत. माझी जुनी सगळी चित्रं तिथंच होती."

"आई, सरळ बोल," जुई म्हणाली. "काय झालंय?"

मी मुरडीचं सांगितलं. निहार ऐकत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "तुमची एकही रेषा मी यंत्राला दिलेली नाही. चाळीस जणांनी त्याला शिकवलंय. त्यांची नावं कराराप्रमाणे बंद आहेत, पण त्यांत तुम्ही नाही. दुसरा हात वेगळा असावा म्हणूनच तुम्हाला वगळलं होतं."

"मग मुरड कुठून आली? वाऱ्यानं?"

"मला माहीत नाही."

"यंत्र तुमचं आणि तुम्हालाच माहीत नाही. छान."

जुईनं ताट पुढं सरकवलं. "तू माझ्या नवऱ्याला चोर म्हणतेयस, तेही जेवायला बोलावून. त्याच्या यंत्राच्या भरवशावर मी तिथं उभी राहणार आहे. त्याला काय मला मारायचंय?"

"मुद्दाम कोण म्हणतंय? घाई असते, तारीख डोक्यावर असते, हाताशी आयतं मिळतं. माणूस घेतो," मी म्हटलं. "जुई, मला चोरीची पडलेली नाही. यंत्राचा हात माझाच असेल तर तो दुसरा हात नाही. मी चुकले असले तर तेही तिथंच चुकलं. मग तुझ्या पायाखालचं झाकण तपासलं कोणी?"

"तू चुकतेस कधी?" जुई म्हणाली आणि उठून हात धुवायला गेली. जाताना ती माझ्याशी बोलली नाही. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघी अबोला धरून निजलो नव्हतो. मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागं घेण्यासारखं मला काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निहार एकटा आला. चहा विचारला तर नको म्हणाला. घरात येऊन चहा नाकारणारा जावई म्हणजे प्रकरण गंभीर. त्यानं लॅपटॉप टेबलावर उघडला.

"नावं मी दाखवू शकत नाही," तो म्हणाला. "पण हात दाखवतो. यंत्राला सांगितलं की ते एकेका शिक्षकाचा हात वेगळा काढून रेषा मारतं. माझ्यावर आळ आहे, तर तुम्हीच बघा."

पडद्यावर तेच चित्र आलं आणि पहिल्या हातानं रेषा मारली. घाईची, जरा कोनदार. शेवटाला वर मुरड. दुसरा हात सावकाश, थरथरता. शेवटाला मुरड. तिसरा, चौथा, पाचवा. कोणी जाड, कोणी बारीक, पण शेवटाला सगळ्यांची मुरड.

दहाव्या हातापाशी मी पडद्याजवळ वाकले. हा हात मी ओळखत होते. वळणावर रेषा जरा खाली सोडायची सवय देवलेकरची. बाराव्या हातापाशी मला चित्रा मयेकर आठवली, पहिल्या बाकावर बसायची. मग मी मोजायचंही सोडलं. वीस वर्षं मी पोरांना हे शिकवलं. मोठ्या पडद्यावर माझा हात चालायचा आणि ती खाली मान घालून उतरवून घ्यायची. शास्त्र उतरवलं त्याबरोबर मुरडही उतरवली. मुरड शास्त्राचा भाग नाही, हे मी कधी सांगितलंच नाही, कारण मी ती घालते हेच माझ्या लक्षात नव्हतं.

"सगळे एका माळेचे मणी," मी म्हटलं. "निहार, ही सगळी माझी पोरं आहेत."

"कंपन्या वेगळ्या होत्या, आई," तो म्हणाला. "शहरं वेगळी, वयं वेगळी. सगळं गणितानं तपासून घेतलं होतं."

"शिकलात कोणाकडे, हे विचारलंस?"

"नाही," तो म्हणाला. "ते सुचलंच नाही."

"तुझ्यावर उगाच आळ घेतला. चुकले मी."

"ते राहू द्या," निहार म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मुरडीनं नुकसान काही नाही. मुरडीबरोबर आणखी काय आलंय, ते सांगा."

पोरगा हुशार आहे. नेमकं तिथंच बोट ठेवलं.

मुरडीबरोबर माझी पद्धत आली होती. थर आज वाकलेले, कलंडलेले असतात. पूर्वी ते कसे होते ते बघायला, त्या काळी सपाट असेल असा एक थर धरायचा आणि सगळं चित्र त्याच्यावर ताणून सरळ करायचं. आमच्या समुद्रात चुनखडकाचा एक पांढरा थर आहे. मी नेहमी तोच धरते. माझ्या सरांनी तोच धरला होता. चाळीसही जण तोच धरतात. पण तो थर मुळात सपाट नसेल तर? खाली अर्धवट भरलेली दरी असेल आणि पांढरा थर तिच्यात झोळ खाऊन बसला असेल, तर? पलंगपोस ताणून बसवला की गादीतला खड्डा दिसत नाही. तशी ती दरी माझ्या हातानं चित्रातून निघून गेली असणार.

"या पद्धतीविरुद्ध कोणी कधी बोललं होतं?" निहारनं विचारलं.

"एक होता," मी म्हटलं. "मी त्याला भर परिषदेत हसले होते."

सायमन लोपीस आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो. पांढरा थर ताणू नका, वाकलाय तर वाकू द्या, असं तो म्हणायचा. मी हसले, सभागृह हसलं, आणि त्यानं नोकरी सोडली. आता वसईजवळ त्याची पानवेलीची वाडी होती. जुईचं हेलिकॉप्टर उडालं त्या दिवशी मी त्याच्या दारात उभी राहिले.

तो पडवीत विड्याची पानं निवडत बसला होता. मला बघून उठला नाही.

"कोणी पाठवलं तुला?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. मीच आले."

"वृषाली साटम आपणहून माझ्या दारात? माझ्याकडून काही चुकीचं वदवून घ्यायचंय का? बाहेर गाडीत कोण बसलंय?"

"ड्रायव्हर. चहा पाज त्याला हवं तर आणि विचार."

त्यानं खरंच वाकून गाडीत बघितलं. मग जरा मोकळा झाला. मी माझी रेषा दाखवली नाही, यंत्राचीही नाही. नुसतं न ताणलेलं चित्र पुढं ठेवलं आणि म्हटलं, "वाच."

त्यानं आतून रंगीत पेन्सिलींचा डबा आणला. वाळूला पिवळा, चिखलाला हिरवा, सीमेला लाल. यंत्र नको म्हणाला. मी अंगणात फेऱ्या मारत राहिले. परत आले तेव्हा त्याची लाल रेषा झाकणावरून चांगली सरळ चालत आली होती. फलाटाच्या जागेपाशी ती खाली उतरली, हिरव्या थरातून आरपार गेली, आणि पलीकडे पुन्हा वर आली. मधली जागा त्यानं पिवळी रंगवली होती. शेवटी चित्र धूसर झालं तिथं त्यानं पेन्सिल उचलली होती. मुरड नव्हती.

"नदीची दरी," तो म्हणाला. "झाकण कापलंय."

मी ते चित्र सरळ धरलं, तिरकं धरलं, उलटं धरलं. कधी दरी दिसायची, कधी नुसता ढग. माझे डोळेच ते पांढऱ्या थरावर ताणत होते.

"तू डाव साधतोयस," मी म्हटलं. "माझ्यावरचा राग काढतोयस."

सायमन हसला नाही. "असेलही. इतकी वर्षं तुला खोटं ठरवायची वाट बघितलीय मी. तेव्हा माझ्याही हातावर भरवसा ठेवू नकोस. तिथं आहे कोण?"

"माझी मुलगी."

कागदाची गुंडाळी करून माझ्या हातात देत तो म्हणाला, "मग मी चुकलेला असू दे, देवा."

गाडीतूनच मी अध्यक्षांना फोन केला. माझी सही परत घेते म्हटलं. ते गोड आवाजात म्हणाले, "बाई, दोन हात जुळले की निकाल लागला. नुसत्या संशयावर सही मागं घेता येत नाही. आणि लोपीस हे नोंदलेले तज्ज्ञ नाहीत." मग जरा थांबून म्हणाले, "घरात काही वाद झालाय का? जावयाशी?"

आता उरली जुई. खात्री नसेल तर व्हॉल्व्ह उघडण्याआधी एक बारीक तपास-भोक घ्यायचा अधिकार फलाटाच्या इंजिनिअरला असतो. सुईसारखं लांब यंत्र असतं, ते वायू सोडायच्या मूळ विहिरीतून बाजूला शिरतं आणि खडकाचा नमुना वर आणतं. उद्घाटन लांबतं, वरचे लोक चिडतात, पण अधिकार असतो. मी घरी पोचले तेव्हा निहार माझ्याच घरी वाट बघत बसला होता. आम्ही दोघांनी मिळून फलाटावर फोन लावला.

"बोल," जुई म्हणाली. अबोला अजून सुटलेला नव्हता.

मी सगळं सांगितलं. चाळीस हात, सायमन, दरी, अध्यक्ष.

"इथपर्यंत बातमी आलीय," ती म्हणाली. "साटमबाईंनी जावयावर डूख धरलाय म्हणे. तू म्हणतेस दरी आहे?"

"सायमन म्हणतो. मला कधी दिसते, कधी नाही."

"निहार काय म्हणतो?"

"मला माहीत नाही, असं म्हणतो," निहारच बोलला. "यंत्र खात्री देतंय. पण त्या खात्रीचं काय करायचं ते मला खरंच कळत नाहीये."

"मग मी विश्वास कोणावर ठेवू?" जुई म्हणाली.

"कोणावरच नको," मी म्हटलं. "माझ्यावर तर अजिबातच नको. सायमननं खूण केलीय तिथं सुई घाल. जे वर येईल ते दाताखाली घे."

ही आमच्या धंद्यातली जुनी परीक्षा. डोळ्यांना चिखल आणि बारीक वाळू सारखीच दिसते, दाताला नाही. निव्वळ चिखलाचा खडक लोण्यासारखा लागतो. वाळू असली की कचकचते. जुई लहान असताना मी तिला खाडीकाठी नेऊन हे शिकवलं होतं. पोरीच्या तोंडात माती घालतेस म्हणून तिचे बाबा ओरडायचे.

तिनं सुई घातली. वरून तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. नमुना वर येणार त्या दुपारी निहार आणि मी फोन मध्ये ठेवून बसलो होतो. दोघांनाही जेवण गेलं नव्हतं.

"आला," जुईचा आवाज आला. मग तिनं तुकडा दाताखाली घेतला. "आई, लोण्यासारखं आहे."

निहारनं डोळे मिटले. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं. पण स्वभावाला औषध नाही. मी विचारलं, "किती खालचा तुकडा?"

"झाकणाच्या अगदी वरचा."

"तो नंतर बसलेला चिखल असेल. समुद्र परत आला तेव्हाचा. खालचा घे."

"आई, तुला समाधान म्हणून नाहीच."

"घे."

ती काहीतरी पुटपुटली. डबी उघडल्याचा आवाज आला. मी कान फोनला लावला. तिनं दात एकावर एक घासले, आणि ते मला इथं अलिबागला, माझ्या स्वयंपाकघरात, स्वच्छ ऐकू आलं. भातात खडा यावा तसं.

"कचकचतंय," जुई म्हणाली. "आई, सगळं कचकचतंय." मग फोन तसाच चालू ठेवून ती कोणालातरी म्हणाली, "व्हॉल्व्हला सील लावा. आज नाही उघडायचा. उद्याही नाही."

मी खुर्चीत मागं टेकले. पोरगी वाचली, एवढंच डोक्यात होतं. जरा वेळानं मला जाणवलं की निहार माझ्याकडे बघतोय, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण नाही.

"आई," तो म्हणाला, "ती आधीची तीन कोठारं भरत आली आहेत. फलाटांवर माणसं आहेत. ती झाकणं कोणी वाचली होती?"

आठवायची गरज नव्हती. तिन्ही वेळा पेढे माझ्या घरी आले होते.